वेंडेल फेटरॉल्फची डावखुरी रायफल

‘ओला मोजा’ नावाच्या शिकारी कॅम्पात, म्हणजे शिकाऱ्यांच्या सामाईक लाकडी घरात, शेगडीच्या वर एक लांब तुळई आहे आणि तिच्यावर शर्टांच्या शेपट्या ठोकलेल्या आहेत. ज्याने हरणावर गोळी झाडली आणि हरीण निसटलं, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ त्याच संध्याकाळी कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तुळईवर खिळा मारायचा, ही पॉटर काउंटीच्या डोंगरातली जुनी रीत. तिच्यातून कोणी सुटत नाही. एकदा पाहुणा म्हणून आलेल्या पाद्रीबुवांची शेपटीसुद्धा तिथे आहे. नाव लिहिण्याचं काम कॅम्पाचे म्होरके क्लाइड काका यांचं. ते डाव्या हाताने, तिरक्या अक्षरात, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहितात. काकांच्या स्वतःच्याही चार-पाच शेपट्या आहेत, पण त्या दाराजवळच्या कॅलेंडरच्या मागे आहेत आणि ते कॅलेंडर हलवायची कोणाची छाती नाही.

तसा प्रत्येकाच्या नावावर एखाददुसरा तुकडा असतोच. वेंडेल फेटरॉल्फच्या नावावर मात्र अर्धी तुळई होती.

वेंडेल हा नळजोडणीवाला. गावातलं असं एक स्वयंपाकघर नसेल, जिथे तो पाठीवर पडून सिंकखाली शिरला नाही. माणूस शांत, कामाला चोख, आणि इतका सरळ की लोक घराची किल्ली त्याच्या हातात देऊन खुशाल कामावर जात. पण नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, जेव्हा हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, शाळांनासुद्धा सुट्टी असते आणि सगळा जिल्हा नारिंगी टोप्या घालून जंगलात जातो, तेव्हा या माणसाचं काय व्हायचं कोण जाणे. हरीण समोर यायचं, गोळी सुटायची आणि हरीण आपल्या वाटेने जायचं. त्याची बायको डोरीन दर वर्षी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून एक शर्ट आणून ठेवायची. कापलाच जाणार, मग चांगला कशाला वाया घालवायचा, असा तिचा रोखठोक हिशेब.

रायफल होती त्याच्या वडिलांची, दर गोळीला बाजूची मूठ धरून बोल्ट मागेपुढे करावा लागतो तसली. हार्वी फेटरॉल्फ म्हणजे कॅम्पाच्या संस्थापकांपैकी एक, एका गोळीत हरीण पाडणारे म्हणून नावाजलेले. पोरगा लहान असताना त्यांनी ती रायफल त्याच्या उजव्या खांद्याला टेकवून दिली होती. पोरगा ती सारखी डावीकडे न्यायचा. ते म्हणायचे, “बोल्ट उजवीकडे आहे ना? मग रायफल उजव्या खांद्याला. यात विचारायचं काय?” आणि वेंडेलनेही पुन्हा कधी विचारलं नाही. वडील गेले, रायफल त्याच्याकडे आली आणि कॅम्पातली शेगडीजवळची त्यांची खाटही आली. त्या खाटेवर पडलं की वर आपल्याच शेपट्या दिसत.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी आठ टोकांच्या शिंगांचा नर त्याच्यासमोर गोठ्यातल्या गायीसारखा आडवा उभा राहिला आणि तरी वेंडेल चुकला. संध्याकाळी कात्री चालली. स्टश वोयचिक, कॅम्पातला सगळ्यात वाचाळ माणूस, म्हणाला, “वेंडेल, पुढच्या वर्षी पान्हा फेकून बघ. निदान जवळपास तरी पडेल.” सगळे खदखदून हसले. वेंडेलही हसला.

“पुढच्या वर्षी चुकलो,” तो म्हणाला, “तर बाबांची खाट सोडतो. स्टश, तुझा जावई कधीपासून जागा मागतोय ना? त्याला द्या.”

हसणं थांबलं. तो थट्टेवारी नेईल म्हणून सगळे वाट बघत राहिले. त्याने शब्द मागे घेतला नाही. क्लाइड काकांनी खिळा ठोकला, हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, “ऐकलं सगळ्यांनी.” त्या कॅम्पात एकदा बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तो हिवाळा वेंडेलने मान खाली घालून काढला. खरं सांगायचं तर त्याला त्या खाटेचंही तेवढं नव्हतं. वडिलांना वाटत होतं तसेच आपण बिनकामाचे निघालो, हे त्याला आतून खात होतं.

फेब्रुवारीत एकदा स्वतःच्याच घरातला नळ दुरुस्त करायला तो बसला. नळजोडणीवाल्याच्या घरातला नळ गळायचाच, डोरीनने त्यापुढे केव्हाच हात टेकले होते. तांब्याचा एक पाइप सरळ आहे का ते बघायला त्याने तो खिडकीकडे धरला आणि त्याच्यावरून नजर टाकली. डोरीन हात पुसत बघत होती.

“तू डाव्या डोळ्याने बघतोस,” ती म्हणाली.

“मग?”

“पाइप डाव्या डोळ्याने. पान्हा डाव्या हातात. जेवताना चमचा डाव्या हातात. आणि हरणं तेवढी उजव्या डोळ्याने?”

“बोल्ट उजवीकडे असतो, डोरीन.”

“बोल्टचं मी विचारलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट कर. दोन्ही डोळे उघडे ठेव. हं. आता डावा डोळा मीट.”

वेंडेलने मिटला. बोट घड्याळावरून उडी मारून शेजारच्या कॅलेंडरवर गेलं. त्याने डोळा उघडला, बोट परत घड्याळावर. मिटला, कॅलेंडर. तो बराच वेळ हा खेळ करत राहिला.

“इतकी वर्षं,” डोरीन म्हणाली, “तू घड्याळावर नेम धरून कॅलेंडर मारतोयस.”

दुसऱ्या दिवशी तो वडिलांची रायफल घेऊन खडीच्या खाणीत गेला आणि लाजत लाजत ती डाव्या खांद्याला लावली. पहिल्या गोळीने डबा उडाला. पण दुसरी गोळी आत घ्यायची तर बोल्ट पलीकडच्या बाजूला. रायफल खांद्यावरून उतरवा, हात वरून पलीकडे न्या, बोल्ट ओढा, ढकला, पुन्हा खांद्याला लावा; एवढ्यात हरीण शेजारच्या जिल्ह्यात पोहोचलं असतं. आणि बोल्टची बाजू काही बदलून मिळत नाही. तो ज्या पोलादात सरकतो, त्या पोलादालाच उजवीकडे रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी असते. म्हणजे रायफल मुळापासून नवी बांधायची.

गावाबाहेर लेस्टर नेपचं बंदुका बांधायचं दुकान होतं. म्हातारा आपल्या कामात तरबेज, पण आवडीनिवडी फार. “रायफलीत खरं काय असतं? अ‍ॅक्शन,” तो म्हणाला. “बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते घर. बॅरल, म्हणजे पुढची नळी, बदलता येते, खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता बदलता येतो. घर चुकलं की सगळं चुकलं.” मग त्याने हवामान सांगावं तसं एकेक सांगितलं. हाताने घडवलेली डावी अ‍ॅक्शन मिळते, आरशासारखी, पण तेवढ्या पैशात तुझी कामाची गाडी नवी येईल. जुन्या जर्मन लष्करी अ‍ॅक्शन भक्कम, स्वस्त, त्याच्या लाडक्या, पण लष्करात डावखुऱ्याला कोण विचारतंय? सगळ्या उजव्या. दुकानातली नवीकोरी डावी रायफल घेऊन तिची बॅरल आणि दस्ता, लेस्टरच्या लेखी दोन्ही टाकाऊ, फेकून द्यायचे, तर ते वेंडेलच्या जिवावर आलं असतं.

“मग वापरलेली शोध,” लेस्टर म्हणाला. “मोडकी चालेल. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन कान असतात, गोळीचा सगळा धक्का तेच झेलतात. त्यांच्या मागच्या बाजूला काळी शाई लाव आणि बोल्ट उघडबंद कर. शाई दोन्हीकडे सारखी पुसली तर घे. एकाच कानाची पुसली तर विकणारा सख्खा भाऊ असला तरी घेऊ नकोस.”

वसंतात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला. वेंडेल खिशात शाईचं पेन घालून फिरला. अगदी शेवटच्या टेबलावर, डोनटच्या खोक्याशेजारी, ती पडली होती. तिच्यावरून कोणाची तरी गाडी गेली होती. दस्ता दुभंगलेला, बॅरल आतून गंजून सालपटलेली. पण बोल्टची मूठ डावीकडे होती. येणारा जाणारा तिच्याकडे बघून नाक मुरडत होता, कारण बॅरलच्या मुळाशी खाचाखाचांचा एक जाडजूड नट होता. बाकीच्या रायफलींत बॅरल घरात अशी बसवलेली असते की सांधा दिसू नये. हिच्यात बॅरल आट्यांवर फिरवून हवी तिथे आणायची आणि नटाने आवळायची. फार स्वस्तात आणि फार नेमकी बसते, पण दिसायला भिकार.

वेंडेलने तो नट बघितला आणि सबंध दिवसात पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला. “हा तर युनियन आहे,” तो म्हणाला. टेबलामागच्या माणसाला काही कळलं नाही. दोन पाइप नटाने जोडणारे असे सांधे वेंडेलने आयुष्यभर आवळले होते, तळघरात, अंधारात, गळ्यावर पाणी ठिबकत असताना. त्याने परवानगी घेऊन बोल्ट बाहेर काढला, कानांना शाई लावली, आत घालून मनसोक्त उघडबंद केला आणि परत काढला. दोन्ही कान सारखे लखलखत होते. त्याने भावसुद्धा केला नाही.

लेस्टरने ती बाकावर ठेवून घेतली आणि कपाळाला आठी घातली. “हा नट बघितला की मला सिंकखालची आठवण येते.”

“मला पण,” वेंडेल म्हणाला. “माझी सगळी उमर तिथेच गेली.”

“सिंकखाली हरणं येत नाहीत.”

“लेस्टर, कान बघा.”

लेस्टरने भिंग लावून कान बघितले, बोल्टचं तोंड बघितलं, घरात लांब दांडा घालून ते सरळ आहे का ते बघितलं. पुष्कळ वेळ तो हुं हुं करत राहिला. शेवटी म्हणाला, “बाई कुरूप आहे, पण घरंदाज आहे.” त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पदकच.

अ‍ॅक्शनमध्ये जे वाचलं ते वेंडेलने बॅरलमध्ये घातलं आणि तिथे हात आखडता घेतला नाही. दस्त्यासाठी लेस्टरने त्याच डोंगरातल्या चेरीची एक फळी काढली आणि तो डाव्या गालाला टेकेल असा कोरला. मजुरीच्या बदल्यात वेंडेलने लेस्टरचा घर तापवायचा बॉयलर उघडून साफ केला, जो तीन कारागिरांनी भंगार म्हणून सोडला होता. नट मात्र वेंडेलने स्वतः आवळला. आत काडतुसाच्या मापाचा ठोकळा घालायचा, बॅरल त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट घट्ट करायचा. मग बोल्ट त्या ठोकळ्यावर बंद व्हायला हवा आणि त्याहून केसभर जाड अशा दुसऱ्यावर अडायला हवा. पहिल्यावर बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. दुसऱ्यावर अडला तो अडलाच. लेस्टर म्हणाला, “पहिल्या फटक्यात? मला कधी जमत नाही,” आणि लगेच आपण हे बोललोच नाही असा चेहरा करून चहा ठेवायला गेला.

ऑक्टोबरात लाकडं फोडायला सगळे कॅम्पावर जमले तेव्हा वेंडेलने ती दाखवली. स्टशने ती हातात घेतली, नटाकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “गरम पाणी कुठल्या बाजूने येतं?” त्या दिवशी दुसरा कोणी बोलूच शकला नाही, एवढी टर उडाली. क्लाइड काकांनी बोल्ट उजव्या हाताने ओढून बघितला, तो काही नीट ओढला गेला नाही. रायफल परत देत ते म्हणाले, “हार्वी असता तर त्याने ही दारातसुद्धा येऊ दिली नसती.” थट्टेचं वेंडेलला काही वाटलं नाही. हे मात्र लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी डोरीनने पलंगावर एक शर्ट ठेवला. लाल-काळ्या चौकड्यांचा, जाड लोकरीचा, दुकानातून आणलेला, घडीच्या खुणांसकट नवा.

“हा कापतील,” वेंडेल म्हणाला.

“कापू देऊ नकोस,” डोरीन म्हणाली आणि इस्त्री करायला निघून गेली.

सोमवारी पहाटे बर्फ घोट्यापर्यंत होतं. वेंडेल वडिलांच्याच जागी, पडलेल्या हेमलॉकच्या बुंध्याला टेकून बसला. खाली ओढा, पलीकडे लॉरेलची दाट झुडपं. उजाडलं. एक खार त्याच्यावर खेकसून गेली. मग लॉरेलच्या कडेने माद्या उतरल्या आणि त्यांच्या मागे, नाक जमिनीला लावून, तो आला. शिंगं रुंद, मान जाड. ओढ्याच्या काठावर येऊन आडवा थांबला.

आणि आमच्या वेंडेलने काय करावं? उन्हाळाभर खडीच्या खाणीत डाव्या खांद्याने डबे उडवलेला हा माणूस. हरीण दिसताक्षणी त्याच्या अंगात जुनी सवय संचारली आणि त्याने रायफल उचलून थेट उजव्या खांद्याला लावली. गोळी सुटली. नराच्या मागच्या बीचच्या झाडाची साल उडाली.

त्याचा हात बोल्टसाठी उजवीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत पोलाद. हात चाचपडला आणि त्या रिकाम्या जागेने त्याला जागं केलं. तिकडे माद्या उधळल्या होत्या, पण नराला आवाज कुठून आला ते उमगलं नव्हतं. तो चार ढांगा टाकून झुडपांच्या तोंडाशी थबकला आणि मागे वळून बघू लागला. वेंडेलने रायफल डाव्या खांद्याला आणली. गाल चेरीच्या लाकडाला टेकला, बोल्ट मुठीत आला, मागे, पुढे, नजर न हलवता. डाव्या डोळ्यासमोर सगळं जागच्या जागी होतं. त्याने पाइप बघावा तसं बघितलं आणि चाप दाबला.

नर जागच्या जागी बसला, बर्फावर आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही.

वेंडेलने रायफल बुंध्याला टेकवून ठेवली. मग तो ओढा ओलांडून गेला, त्या जनावराच्या उबदार मानेवर हात ठेवला आणि एकटाच मोठ्याने रडला. त्याचं त्याला काही वाटलं नाही, तिथे बघायला होतं कोण?

कॅम्पावर क्लाइड काकांनी दोन गोळ्या ऐकल्या होत्या आणि कोणाच्या ते ओळखलंही होतं. वेंडेल दोरीने नर ओढत अंगणात आला तेव्हा काका दारात उभे होते, कात्री खिशातून डोकावत होती. त्यांनी शिंगं मोजली, परत मोजली. मग सगळे आत जमले. टेबलावर पॉट पाय नावाचं हॅमचं दाट कालवण आणि बीटात मुरवलेली लालजर्द अंडी होती, पण कोणी हात लावला नाही; आधी खटला. वेंडेलने घडलं ते सगळं सांगितलं, उजव्या खांद्यासकट. लपवणं त्याच्या रक्तात नव्हतं.

“पहिली चुकली,” स्टश म्हणाला. “कबूल केलंय त्याने. चुकला तर खाट सोडतो, हे त्याचेच शब्द. नियम म्हणजे नियम. आणि शर्ट काय सुरेख आहे बघा, तुळईवर शोभेल.”

“हरीण निसटलं का?” काकांनी विचारलं.

“निसटलं नाही. पण गोळी तर गेली ना?”

क्लाइड काका तुळईकडे बघत राहिले, वेंडेलच्या नावाच्या त्या सगळ्या तुकड्यांकडे, स्वतःच्या तिरक्या अक्षराकडे.

“ती पहिली गोळी वेंडेलची नव्हतीच,” ते म्हणाले. “ती हार्वीची. हार्वीने लावून दिलेल्या खांद्याची. वेंडेलने आयुष्यात एकच गोळी झाडली आहे, आणि ते बघ, ते हरीण बाहेर पडलंय. शर्ट राहील. खाट राहील.” त्यांनी कात्री खिळ्यावर परत टांगली. स्टशने दोन्ही हात वर केले आणि अंड्यांची बरणी आधी वेंडेलपुढे सरकवली, जे आजवर कधी झालं नव्हतं.

जेवणं झाल्यावर वेंडेल बाहेर रायफल पुसत होता. क्लाइड काका आले, उगाच नराभोवती एक फेरी मारली आणि हात पुढे केला. “बघू.”

त्यांनी ती आधी उजव्या खांद्याला लावली. मग कोणी बघत नाही ना हे पाहून डाव्या. डावा डोळा बारीक केला. ज्या हाताने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली, त्या हाताने बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. परत एकदा. परत एकदा.

“वेंडेल,” ते हळूच म्हणाले, “माझ्यासाठी असली एखादी मिळेल का रे? अशीच. नटवाली.”

“मिळेल की, काका. शाईचं पेन आहे माझ्याकडे.”

“स्टशला बोलू नकोस.”

“नाही बोलत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वेंडेल घरी पोहोचला. गाडीवर नर बांधलेला होता, तो डोरीनला खिडकीतून दिसलाच असणार. पण ती दारात आली तेव्हा तिने हरणाचं नावही काढलं नाही. त्याचा खांदा धरून त्याला पाठमोरा केला, पँटमध्ये खोचलेला शर्ट मागून खसकन ओढून काढला आणि त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपून बघितली. रक्ताचे डाग होते, चिखल होता, हेमलॉकचा डिंक होता. कड अख्खी होती.

ती तशीच कड हातात धरून थोडा वेळ त्याच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली.

“काढ,” मग ती म्हणाली. “डाग वाळायच्या आत धुवायला हवा. पुढच्या वर्षी हाच घालायचाय.”